खडखड मागच्या सीटची, बिल पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे: माझे ३२,३०० रुपये कसे गेले

माझ्याकडे २०१६ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. ती ७८,००० किलोमीटर चालल्यानंतर गतिरोधकावरून किंवा पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून जाताना मागच्या बाजूने खडखड ऐकू येऊ लागली. मी एकटा असलो की आवाज येई आणि आई मागे बसली की तो पूर्ण थांबे. ही गोष्ट मी स्वतः गॅरेजच्या मालकाला पहिल्याच दिवशी सांगितली होती. त्यावर तो म्हणाला, "साहेब, मागे वजन आले की पुढचा भार हलका होतो. आवाज पुढूनच येतो, बॉडीतून फिरून मागे ऐकू येतो." हे मला पटले, कारण आवाज पत्र्यातून फिरतो हे खरेच आहे.

गाडी रॅम्पवर न चढवता, मला शेजारी न बसवता तो एकटाच चक्कर मारून आला आणि पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर आणि चाकांजवळचे जोडभाग, म्हणजे लिंक रॉड आणि लोअर आर्म, गेल्याचे त्याने सांगितले. लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा गोल सांधा, निसटला तर धावत्या गाडीचे चाक आडवे होते, असेही तो म्हणाला. आठच दिवसांनी मला आईला घेऊन साताऱ्याला जायचे होते. खंबाटकी घाटात चाक आडवे झाले तर, हा विचार मनात आल्यावर कोणता मुलगा घासाघीस करत बसेल? मी त्याच जागी १०,००० रुपये आगाऊ पाठवले. तुमच्यासमोर चाक हलवून दाखवल्याशिवाय कोणी बॉल जॉइंटची भीती घातली, तर गाडी तिथून काढा.

हिशेब असा झाला: शॉकॲब्सॉर्बरची जोडी ९,८००, माउंटिंग व बेअरिंग ३,२००, लिंक रॉड १,८००, लोअर आर्म ५,४००, मजुरी ४,५०० आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,१००, असे एकूण २५,८०० रुपये. हे सगळे एका कोऱ्या कागदावर पेनने लिहिलेले होते. पक्के बिल मागितल्यावर "मग जीएसटी वेगळा लागेल" हे उत्तर मिळाले आणि मी गप्प बसलो. अलाइनमेंटचा छापील कागदही मिळाला नाही.

आता ज्या क्षणी माझे डोळे उघडायला हवे होते, त्याविषयी सांगतो. जुने सुटे भाग दाखवा, असे मी आवर्जून म्हटले होते. त्याने तेलाने माखलेले दोन शॉकॲब्सॉर्बर माझ्यापुढे ठेवले आणि मी समाधानाने त्यांचा फोटोही काढला. पुढचे शॉकॲब्सॉर्बर डावे-उजवे वेगळे असतात; ब्रेकची नळी अडकवायची पट्टी एकाला ज्या बाजूला असते, त्याच्या उलट बाजूला ती दुसऱ्याला असते. माझ्या फोटोत दोन्ही पट्ट्या एकाच बाजूला आहेत. म्हणजे एकाच हाताचे दोन हातमोजे माझ्यासमोर मांडले होते, मी ते पाहत उभा होतो आणि वर "बरे झाले, वेळेत बदलले" असे त्याला म्हणालो. तो फोटो मी आजवर कितीतरी वेळा उघडला आहे आणि दर वेळी माझा संताप होतो. मात्र सामान्य माणसाला डावा-उजवा फरक माहीत असावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

खडखड तशीच राहिली. तेव्हा डॅशबोर्ड उघडण्याचे आणखी ६,५०० रुपये त्याने घेतले. त्यात दोन क्लिपा तुटल्या आणि पुढूनही किरकिर सुरू झाली.

शेवटी एका वयस्कर मेस्त्रींनी आवाज कधी थांबतो, एवढेच विचारले. त्यांनी मागच्या सीटची पाठ आडवी पाडून मला त्याच रस्त्यावर गाडी चालवायला लावली. आवाज बंद झाला. पाठ ज्या कडीत अडकते ती कडी सैल होती. दोन बोल्ट आवळून कडीला फेल्टची पट्टी चिकटवली, १५० रुपये घेतले. मग त्यांनी बॉनेट उघडले. शॉकॲब्सॉर्बर काढायचा तर वरचे नट सोडवावेच लागतात. माझ्या गाडीचे नट वर्षानुवर्षांच्या धुळीने माखलेले होते. खाली लोअर आर्मच्या बोल्टवर कारखान्यातली रंगाची खूण अखंड होती. नवे होते ते फक्त लिंक रॉड. बाकीच्या भागांवर काळा स्प्रे मारलेला होता.

मी चौकीत तीन वेळा गेलो. "पैसे तुम्ही स्वतः दिलेत, हे दिवाणी प्रकरण आहे," असे सांगून अर्जावर पोच देण्यासही नकार देण्यात आला. कर चुकवल्याची तक्रार घेऊन दुसऱ्या एका कार्यालयात गेलो, तर तेथे बिलाचा क्रमांक मागितला. बिल दिले नाही हीच ज्याची तक्रार आहे, त्याने क्रमांक कोठून आणायचा? ऑनलाइन तक्रार केली, तर "ग्राहक समाधानी होता" या गॅरेजच्या एका ओळीवर ती निकाली काढली आणि मला साधा फोनही केला नाही. दोन एकसारख्या पट्ट्यांचा फोटो पाहायला या तिन्ही ठिकाणी कोणालाही अर्धा मिनिट नव्हता.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे मला चौथ्या महिन्यात कळले. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर ते संदेश पुसू नका. माझ्याकडे पुरावा म्हणून तेच संदेश, पेनने लिहिलेला तो कागद, मेस्त्रींनी लिहून दिलेला अभिप्राय आणि तो फोटो आहे. या चार गोष्टी जोडून मी तक्रार दाखल करत आहे.