शाळेचा डबा: थर्मल जार, इन्सुलेटेड टिफिन की साधा स्टीलचा?

मुलांना शाळेत गरम खायला मिळावं म्हणून थर्मल जार (थर्मॉससारखा, रुंद तोंडाचा व्हॅक्यूम जार) घ्यायचा विचार असेल, तर आधी एक बघा: तुमच्याकडे डब्यात रोज जातं काय? पोळी-भाजी जात असेल तर जारच्या नादाला लागू नका. गरम पोळी जारमध्ये कोंबली की तिला वाफ धरते आणि सुट्टीपर्यंत तिचा ओला गोळा होतो. थालीपीठ, धिरडी, पराठे यांचंही तेच. सुती फडक्यात गुंडाळलेली पोळी आणि स्टीलचा डबा याला अजून तरी तोड नाही.

जार कामाला येतो तो ओलसर पदार्थांना. वरण-भात, मुगाची खिचडी, मटकीची उसळ, सांबारात बुडवलेली इडली. खिचडी मात्र नेहमीपेक्षा सैलच भरायची, कारण आत ती पाणी ओढत राहते. सकाळी पळीवरून ओघळणारी खिचडी मोठ्या सुट्टीत बरोबर चमच्यावर बसते. पोह्यांचा लगदा होतो, आणि साबुदाण्याची खिचडी अख्खी ढेकूळ होऊन बाहेर येते.

आता इन्सुलेटेड टिफिन. दुकानात ‘थर्मल’ आणि ‘हॉट’ अशी लेबलं लावून जे रंगीत टिफिन ठेवलेले असतात, त्यांतले बहुतेक म्हणजे बाहेरून प्लॅस्टिक, आत स्टीलची वाटी आणि मध्ये फोम किंवा नुसती हवा. व्हॅक्यूम जारमध्ये स्टीलच्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे उष्णतेला भिंतीतून फारशी वाट मिळत नाही. जाते ती मुख्यतः तोंडाकडून, झाकणातून. टिफिनचं तसं नाही. साडेसहाला भरलेला भात दहाला ना गरम ना गार. अडचण चवीपुरती असती तर चाललं असतं. पण शिजवलेलं अन्न साधारण 60 अंश सेल्सियसच्या वर ठेवावं किंवा 5 अंशांच्या खाली; मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. भातात तर बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकून राहू शकतात आणि कोमट भात त्यांना चांगलाच मानवतो. म्हणून तिन्हींत मला सगळ्यात कमी पटतो तो हा मधला पर्याय. जारइतकं गरम ठेवत नाही, आणि साध्या डब्यासारखं निवूही देत नाही.

जारही आपोआप काम करत नाही. आधी त्यात उकळतं पाणी ओतून, झाकण लावून पाच-दहा मिनिटं ठेवायचं. पाणी ओतून टाकलं की गॅसवरून उतरवलेलं वाफाळतं अन्न लगेच गळ्यापर्यंत भरायचं. अर्धा भरलेला जार लवकर निवतो, त्यामुळे ‘मोठाच घ्या, पुढे चालेल’ हे दुकानदाराचं ऐकू नका. पहिली-दुसरीच्या मुलाला 300 मिलिलीटर पुष्कळ झालं. सकाळी एवढी उस्तवार जमणार नसेल, आदल्या रात्रीचा भात नुसता कोमट करून भरायचा असेल, तर जार घेऊ नये.

वजनाचंही बघा. 2020 च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत असावं असं म्हटलंय. 20 किलोच्या मुलाला म्हणजे 2 किलो. वह्या-पुस्तकं त्यातच, वर पाण्याची बाटली आणि भरलेला जार आला की खांदे बोलायला लागतात. साधा डबा इथे सहज जिंकतो. किमतीतही.

जार भरलेला तसाच घरी येतो, त्यामागे पुष्कळदा मुलाचे नखरे नसतात, झाकण असतं. आतली वाफ निवली की दाब कमी होतो आणि झाकण आत ओढलं जातं. आपल्याला ते जाणवत नाही, सहा वर्षांच्या हातांना ते फिरत नाही. वर दाबायचं बटण असलेलं झाकण घ्या. दाबलं की हवा आत शिरते आणि झाकण सुटतं. आणि मुलाकडून ते घरी, गरम अन्न भरून, उघडून घ्या.

सुट्टी लवकर असेल, शाळा भरल्यावर दीड-दोन तासांत, तर जारची गरजच नाही. उलट आतलं वरण तोंड भाजेल इतकं कढत असतं आणि सुट्टी संपत आलेली असते. बालवाडीच्या मुलांना तर तो देऊच नये. तीन-साडेतीन तासांनी मोठी सुट्टी आणि मूल भात-खिचडीवालं, अशा घरात जारचे पैसे वसूल होतात. बाकीच्यांनी त्याच पैशांत झाकण घट्ट बसणारा चांगल्या स्टीलचा डबा घ्यावा आणि पोळी-भाजी थोडी निवल्यावर भरावी.

घेतलाच जार, तर झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवा. कालवणाचा वास तिथेच मुरतो आणि पावसाळ्यात काळी बुरशीही तिथेच धरते. नवा जार आणला त्याच दिवशी उकळतं पाणी भरून तासभर ठेवा आणि बाहेरून हात लावून बघा. झाकणाजवळ ऊब लागली तर ठीक, पण पोट गरम लागलं तर व्हॅक्यूम गेलेला आहे. बिल घेऊन सरळ दुकानात जा.