दुरुस्तीला दिलेल्या बास गिटारचे पिकअप गायब

गोव्यात पावसाळा लागला की किनाऱ्यावरची हॉटेलं, म्हणजे शॅक, बंद, लग्नं थांबलेली, त्यामुळे आम्ही वाजवणारे याच दिवसांत वाद्यं दुरुस्तीला काढतो. खारट दमट हवेने पॉट, म्हणजे नॉबखालचे आवाज कमीजास्त करणारे भाग, खरखरतात, केबल लावायच्या जॅकला गंज धरतो. चतुर्थीच्या कार्यक्रमांआधी जे कोणी गिटार किंवा बास कारागिराकडे टाकणार असतील, त्यांनी हे वाचावं.

माझी बास मामाची. मामा तारवटी होता, त्याने बोटीवर असताना घेतलेली फेंडरची जॅझ बास, सत्तरच्या दशकातली. हे मॉडेल 1960 साली आलं. दोन सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारे भाग, प्रत्येकाला साधारणपणे आपापला व्हॉल्यूम, दोघांना मिळून एक टोन. माझी तक्रार एवढीच होती की टोन फिरवला की खरखर येते. कारागिराने झाकण उघडून बघितलं न बघितलं, म्हणाला, "बाब, सगळं वायरिंग कुजलंय. ठेवून जा, पिकअपपण साफ करून देतो."

परत आणल्यावर फोंड्याच्या तालमीत पहिल्याच गाण्यात आवाज पोकळ लागला. एकेक पिकअप वेगळा वाजवला तर ठीक. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की खर्ज नाहीसा, वर हम, म्हणजे विजेची गुणगुण, तसाच. खरं तर या बासमध्ये नेमकं उलट व्हायला हवं. दोन पिकअपांचं वाइंडिंग एकमेकांच्या उलट असतं, चुंबकही उलट, त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडल्यावर हम मरतो आणि तारांचा आवाज भरतो. म्हणजे एका पिकअपच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. तेवढंच असतं तर परत जोडून घेतलं असतं आणि विषय संपला असता.

पण झाकण काढलं आणि पोटात गोळा आला. जुने मोठे पॉट गेले होते, जागी छोटे स्वस्तातले, पाठीवर बी500के, म्हणजे 500 किलोओहम. सिंगल-कॉइलला सहसा 250के लागतात, आणि बी म्हणजे लिनिअर: व्हॉल्यूम फिरवत राहा, फरक जाणवत नाही, शेवटाला येऊन एकदम आवाज पडतो. मग पिकअप उचलले. मूळ पिकअपमध्ये तारांखालचे आठ खांब हेच चुंबक असतात. इथे साधे लोखंडी खांब, आणि खाली डिंकाने चिकटवलेली काळी सिरॅमिक चुंबकाची पट्टी. तीन-चारशे रुपयांचा माल असेल. मामाचे पिकअप कोणाच्या तरी दुसऱ्या बासमध्ये गेले.

कारागीर ठाम: "होतं तेच आहे." पावतीवर फक्त 'बास रिपेअर'. पूर्वी जॅक बदलताना काढलेले फोटो दाखवले तेव्हा मजुरी परत केली. पिकअप नाहीत ते नाहीतच. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे.

तुम्ही वाद्य देण्याआधी झाकण उघडून आतले फोटो काढा, पॉटच्या पाठीवरचे आकडे वाचता येतील इतके जवळून. मल्टिमीटर असेल तर केबल लावून एक व्हॉल्यूम पूर्ण, दुसरा बंद ठेवा आणि ओहम मोजा. जॅझ बासला सात-साडेसात किलोओहमच्या आसपास येतात. दुसऱ्या पिकअपचंही तसंच. हे आकडे पावतीवर कारागिराकडूनच लिहून घ्या, आणि बदललेला प्रत्येक भाग, कॅपॅसिटरसुद्धा, परत मागा. प्रामाणिक कारागीर याला कधी नाही म्हणत नाही. म्हापशात, मडगावात असे चांगले हात आहेत. खरखर ऐकून कोणी सगळं वायरिंग बदलायला सांगितलं, तर आधी पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब काही वेळा फिरवायला सांगा. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

आणि एक विनंती. माझ्या जुन्या पॉटांवर 137 75 ने सुरू होणारा आकडा आहे: 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, 75 हे साल. त्यातल्या एकाच्या पाठीवर सोल्डरचा मोठा ओघळ आहे, कडेपर्यंत आलेला. पिकअपसकट असा संच कोणी विकायला आणला, तर घेऊ नका आणि मला कळवा.