गोणीच्या तोंडाला भुललो आणि चोवीसशे रुपये गेले

दरवर्षी आमच्याकडे धुळ्यात काळ्या मसाल्याची मिरची मामा आणून देतात, गेल्या वर्षी त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी म्हटलं मीच आणतो, त्यात काय एवढं. नंदुरबारला लग्न होतंच. तिथल्या पथाऱ्या माहीत असतीलच, मार्केटला ओली लाल मिरची लिलावात घेऊन व्यापारी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत वाळत घालतात, लांबूनच नाकात झणका येतो.

लग्न उरकून निघालो तर दोंडाईच्याकडे येताना रस्त्याच्या कडेला एक छोटा हत्ती टेम्पो उभा, पाच-सहा गोण्या, वर पाटी "पथारीची मिरची". भाऊ एकदम गोड बोलायचा, "घरच्यासाठी नेताय ना दादा, मग तुम्हाला जास्त थोडी लावणार". बाजारात २०० च्या वर चाललेली मिरची हा १६० ने द्यायला तयार. इथंच मला कळायला पाहिजे होतं. त्याने गोणीचं तोंड उघडलं, वरची मिरची लालभडक, चकचकीत, देठासकट. मी दोन मिरच्या मोडून बघितल्या, कडक्क मोडल्या, झालं, १५ किलो घेतली. बिल मागितलं तर हसला, नंबर लिहून दिला.

घरी आईने गोणी अंगणात उपडी केली आणि गप्पच झाली. वरचा वीतभर थर सोडला तर खाली बरीच फटकी, पांढरी पडलेली, काही काळे डाग असलेली, आणि दमट तर इतकी की वाकवली तरी मोडत नव्हती, चामड्यासारखी. चांगली वाळलेली मिरची हलवली की आत बी खुळखुळतं, ही मुकीच. आई म्हणाली, "मिरची नही रे, पानी इकत लयना तू."

तीन दिवस गच्चीवर वाळवली, १५ ची १२ किलो भरली. म्हणजे ३ किलो पाणीच होतं. त्यातून फटकी निवडली ती वेगळी ४ किलो. नंतर मामांनी सांगितलं की पथारीवर अवकाळी पाऊस पडला की भिजलेली मिरची अशी होते, चांगल्या भावात कोणी घेत नाही, मग ती अशी रस्त्यावर येते. आणि वजनासाठी वरून पाणी मारणारेही असतात. अख्ख्या वाळलेल्या मिरचीत ओलावा ११ टक्क्यांच्या वर नको असा सरकारी नियम आहे, ओली ठेवली की बुरशी धरते, आणि ती बुरशी नुसती चव घालवत नाही, तब्येतीलाही वाईट.

बरं, त्या चकचकीत थराचाही संशय आला म्हणून ओल्या फडक्याने पुसली तर फडकं गुलाबी. मिरचीचा स्वतःचा रंग पाण्यात असा सुटत नाही, तो तेलात उतरतो, शेवभाजीला तर्री येते ती त्यामुळेच. म्हणून तेलाचं बोट लावून बघू नका, तेलात खरी मिरचीपण लाल करते. तिखट घेतलं तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर टाकून बघा, रंगाच्या रेघा खाली उतरायला लागल्या तर समजून जा.

नंबर? पहिल्या दिवशी वाजला, मग बंद.

तर गोणीतून घेत असाल तर तोंडाची मिरची बघून हो म्हणू नका, सरळ ताडपत्री मागा आणि पूर्ण ओतायला लावा, जो खरा आहे तो ओततो. आणि देठ काढलेली मिरची स्वस्त देतो म्हणाला तर जरा जास्तच बघा, देठ बघून मिरची जुनी का नवी ते कळतं. यंदा मी मामांनाच काठी घेऊन सोबत नेलं, पथारीवर ते खुर्ची टाकून बसले आणि मी मिरची निवडत बसलो.

त्या वर्षीची ४ किलो फटकी बायकोने अजून फेकलेली नाही. पाहुणे आले की डबा उघडून दाखवते.