नऊ महिने ब्रेस वापरल्यावर: मधल्या पट्ट्याबद्दल

परवा बाळाच्या ब्रेसमधल्या (दांडीने जोडलेले दोन बूट) डाव्या बुटाचा मधला पट्टा बकलापाशी उसवला. जिथून घेतला त्या दुकानात उत्तर मिळालं, "पट्टा सुटा येत नाही, नवीन जोड घ्या." बूट अजून दोन महिने सहज पुरणारा, फक्त एका टाक्यासाठी अख्खा जोड का घ्यायचा? सीताबर्डीतल्या मोचीकाकांनी वीस रुपयांत डबल शिवण घालून दिली.

आमच्या बाळाचे दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले, म्हणजे क्लबफूट. दहाव्या दिवसापासून दर आठवड्याला मांडीपर्यंत प्लास्टर, अशी सहा झाली. मग टाचेमागची ताठ शीर बारीक छेद देऊन मोकळी केली आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. प्लास्टरच्या या पद्धतीला पोन्सेटी म्हणतात. आता थेट ब्रेसवर येते, जो पाय पुन्हा वळू नयेत म्हणून घालायचा. (मुलांच्या मोफत तपासणी-उपचारांच्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही आधी तिथे चौकशी करा.)

पहिले तीन महिने रोज 23 तास. आमचे ते तीन महिने नेमके एप्रिलच्या मध्यापासून सुरू झाले. नागपूरचा मे, कूलरसमोरही पाय घामेजलेले. टाचेवर फोड आला. मला वाटलं पट्टा काचतोय, म्हणून एक भोक सैल केला. फोड वाढला. सासूबाई रोज म्हणायच्या, "लेकराले बेड्या कायले घालता?" पाय सरळ दिसतच होते, म्हणून आठवडाभर दुपारचे चार-चार तास मी ब्रेस काढून ठेवला. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर एकच स्टार दिला असता.

जूनमध्ये दाखवायला नेलं तर उजवा पाय घोट्यातून पूर्वीसारखा वर वळेना. पुन्हा दोन प्लास्टर. घरी येईपर्यंत ऑटोत मी रडत होते.

डॉक्टरांनी तेव्हा हातात बूट घेऊन दाखवलं: पट्टा सैल असला की टाच बुटात वर-खाली होते, घासते, म्हणून फोड. म्हणजे मी नेमकं उलटं करत होते. गुडघा वाकवायचा, टाच तळाला टेकवायची, आधी मधला पट्टा घट्ट आवळायचा, बाकीचे नंतर. बुटाच्या मागच्या भोकातून टाच दिसली पाहिजे. बोटं जिथवर येतात तिथे आतल्या तळव्यावर पेनने रेघ मारायची. बोटं रेघेच्या मागे गेली की टाच उचलली समजा. आत पातळ सुती मोजे, क्रीम अजिबात नाही.

हे कळल्यापासून एकही फोड नाही. मधल्या दांडीचाही आधी राग यायचा, आता बाळ दोन्ही पाय एकदम आपटून खिदळतं. म्हणून चार स्टार. एक कापला तो बकलाच्या शिवणीसाठी. सगळी भिस्त ज्या पट्ट्यावर, त्याचीच शिवण सर्वांत कच्ची का? ब्रेस आता रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार-पाच वर्षांचा होईपर्यंत. एवढ्या काळात किती जोड लागतील! पट्टे सुटे विकायलाच हवेत.

मोचीकाकांच्या शिवणीवर काल दुसरी रात्र गेली. पहाटे मोबाइलच्या उजेडात पाहिलं, बोटं रेघेवरच होती.