ग्राफीन फोम प्लाझ्मॉनसाठी घेताय? आधी रामन मागा

लॅबसाठी ऑनलाइन मागवलेल्या थ्री-डी ग्राफीन फोमचा हा रिव्ह्यू (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एक अणू जाडीचा थर, फोम म्हणजे त्याची स्पंजासारखी जाळी). सप्लायरचं नाव टाकत नाही, पण त्यांच्या पेजवर "प्लाझ्मॉनिक्ससाठी उत्तम" (प्लाझ्मॉन म्हणजे प्रकाशाने उठणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या लाटा) असं लिहिलं होतं म्हणून आम्ही घेतला, आणि बोलायचंय ते याच ओळीबद्दल.

आधी चांगलं सांगतो. पॅकिंग मस्त, डबीत चौकोनी काळी जाळी आली, उचलली तर वजनच लागत नाही, चिमटा जरा जोरात धरला की कडेचा कण पडतो, त्यामुळे खाली काच सरकवूनच हलवा. निकेलच्या फोमवर सीव्हीडीने (गरम वायूतून थर बसवून) ग्राफीन वाढवायचं आणि मग निकेल ॲसिडने खाऊन टाकायचं ही शेनयांगच्या ग्रुपची 2011 ची पद्धत, त्यामुळे आत नुसत्या पोकळ काड्या उरतात, एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) तुटलेल्या काडीचं तोंड नळीसारखं उघडं दिसतं आणि ते बघायला खरंच भारी वाटतं. रामनमध्ये (लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम) 1350 cm⁻¹ च्या आसपासचा, दोष दाखवणारा डी पीक जवळजवळ नाहीच, म्हणजे क्रिस्टल क्वालिटी चांगली. सबस्ट्रेट (खालचा आधार) नाही हाही फायदाच, नाहीतर सिलिकाचे फोनॉन (अणूंची कंपनं) मिड-आयआरमध्ये (मधल्या इन्फ्रारेडमध्ये) प्लाझ्मॉनशी जोडले जाऊन स्पेक्ट्रम वाचणं अवघड करतात.

आता अडचण. रामनमध्ये 2700 cm⁻¹ जवळचा टू-डी पीक काही ठिकाणी जी पीकपेक्षा (ग्राफीनचा दुसरा मुख्य पीक) बुटका होता, म्हणजे तिथे एक थर नाही, बरेच थर एकावर एक आहेत. ग्राफीन प्लाझ्मॉनची सगळी मजा फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन किती ऊर्जेपर्यंत भरलेत ती पातळी) गेटने, म्हणजे बाहेरून व्होल्टेज देऊन, हलवता येण्यात आहे, आणि जाड ठिकाणी गेटचा चार्ज बाहेरच्या एक-दोन थरांतच अडकतो, आतल्यांपर्यंत पोचतच नाही. दुसरं म्हणजे साइज. बर्कलीच्या ग्रुपला 2011 मध्ये टेराहर्ट्झ रेझोनन्स दिसला तो 1 ते 4 मायक्रॉन रुंद पट्ट्यांत, पट्टी अरुंद केली की रेझोनन्स वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो, रुंदीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. फोमची छिद्रं शेकडो मायक्रॉनची, तीही प्रत्येक वेगळ्या मापाची, मग एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रमच्या मोजणीत) ठळक डिप यावा कुठून? सगळं पसरट शोषण दिसतं.

थ्री-डी म्हणजे नुसतं सच्छिद्र नाही हो. मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने 2017 मध्ये ग्राफीनचे घन बनवले, सपाट आकृती कापायची, पॉलिमरचे सांधे तापवून वितळवायचे आणि ते आपोआप दुमडून डबा होतो, तिथे भिंतींचे प्लाझ्मॉन एकमेकांशी जोडले जातात आणि प्रकाश डब्याच्या आत कोंडला जातो. सपाट शीटवर फील्ड पृष्ठभागाला चिकटून असतं, थोडं वर गेलं की संपलं, म्हणून सेन्सर करायचा तर हा डबा फार कामाचा. फोममध्ये ही आखीव भूमिती नाही, आणि प्लाझ्मॉनला भूमितीच लागते.

बॅटरी, सुपरकॅपॅसिटर, इलेक्ट्रोडवाल्यांनी बिनधास्त विकत घ्या, त्यांच्यासाठी चार स्टार. प्लाझ्मॉनवाल्यांसाठी दोन, तेही सस्पेंडेड (अधांतरी) काडीवर टिप लावून निअर-फील्ड (पृष्ठभागाजवळचंच फील्ड) बघायचं असेल तरच. बाकीच्यांनी त्याच पैशात तांब्यावरची मोनोलेयर (एकच थर) घेऊन स्वतः पॅटर्न करा. आणि ऑर्डर देण्याआधी त्याच बॅचचा रामन, निदान तीन वेगवेगळ्या जागांचा, मेलवर मागून घ्या. रामन मागितल्यावर नुसतं ब्रोशर पाठवणाऱ्याकडून घेऊ नका.