स्लाव्ह भाषांची वाटणी: कोणती धरून चालावं?

रशियन शिकावी, पोलिश की सर्बियन, असा विचार सुरू केला की पहिला तक्ता हाती येतो तो पूर्व, पश्चिम आणि दक्षिण असा. पूर्वेला रशियन, युक्रेनियन, बेलारुसियन. पश्चिमेला पोलिश, चेक, स्लोव्हाक आणि जर्मनीतली सोर्बियन. दक्षिणेला स्लोव्हेनियनपासून बल्गेरियनपर्यंत. ही भाषाशास्त्रज्ञांची वाटणी मुख्यतः उच्चारबदलांवरून झाली. एक भाषा आल्यावर शेजारची किती सोपी जाईल, याचा अंदाज तिच्यावरून बरा येतो. चेक आली की स्लोव्हाक बरीचशी समजतेच.

पण सीमारेषा इतक्या सरळ नाहीत. डोक्याला रशियनमध्ये लिहितात ‘गोलोवा’, युक्रेनियनमध्ये ‘होलोवा’, चेकमध्ये ‘ह्लावा’. युक्रेनियनमधला ‘ओलो’ रशियनशी जुळतो, ‘ह’ चेकशी. शहराला तर ती ‘मिस्तो’ म्हणते, पोलिश ‘म्यास्तो’च्या जवळचं, रशियन ‘गोरोद’ कुठल्या कुठे.

दक्षिण गट व्याकरण शिकणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही, असं माझं मत. सर्बियनला सात विभक्त्या आहेत. बल्गेरियन आणि मॅसिडोनियन नामांनी त्या जवळजवळ टाकून दिल्या आणि ‘तेच ते, ठरावीक’ असं सांगणारा प्रत्यय शेवटी जोडला. रोमेनियन आणि अल्बेनियनही असाच प्रत्यय शेवटी जोडतात, आणि त्या तर स्लाव्ह नाहीतच. इथे घराण्यापेक्षा शेजार भारी पडला.

दुसरी वाटणी धर्म आणि लिपीची: ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असतील तिथे सिरिलिक (रशियन लिहितात ती), कॅथलिक असतील तिथे रोमन. इतिहास वाचायचा असेल तर हीच घ्या. मात्र बोस्नियातले बोस्नियाक मुस्लिम आहेत, सर्बियात दोन्ही लिप्या चालतात आणि पश्चिम युक्रेनमधले ग्रीक कॅथलिक पूजाविधी पूर्वेचा करतात, पण मानतात रोमच्या पोपला.

तिसरी वाटणी देशांची, आणि सर्वांत फसवी. युगोस्लाव्हियात जी सर्बो-क्रोएशियन होती, तिची आता सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि माँटेनेग्रिन अशी चार नावं आहेत. शेवटचं माँटेनेग्रोच्या २००७च्या राज्यघटनेत अधिकृत झालं. एक शिकलात तर चारही ठिकाणी निभावतं. बायोडेटात चार भाषा लिहायचा मोह तेवढा आवरा.

शिकायचंच असेल तर पहिली वाटणी धरा, फक्त बल्गेरियन-मॅसिडोनियनचा कप्पा वेगळा ठेवा. मराठी माणसाला विभक्त्यांचं भय नसावं. तरीही नकोच असतील तर बल्गेरियन घ्या. पण तिने भूतकाळाची जुनी रूपं सांभाळून ठेवली आहेत, ती पाठ करावी लागतील.