‘अकाउंट्सच का?’ घरचं उत्तर द्यावं की कामाचं?

कोल्हापुरात बी.कॉम., एम.कॉम. झालेल्या पोरापोरींसमोर साधारण तीन दारं असतात. शाहूपुरी-राजारामपुरीकडचं एखादं सीएचं ऑफिस, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावातली फौंड्री किंवा मशिन शॉप, आणि सहकार : साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था. तिन्हीकडं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) विचारतात, जीएसटी विचारतात, आणि मग समोरचे साहेब खुर्चीत मागं रेलून म्हणतात, “बरं, अकाउंट्सच का?”

मी स्वतः हा प्रश्न दोन्ही बाजूंनी अनुभवलाय. आता फौंड्रीच्या हिशोबात बसतो आणि नव्यांच्या मुलाखतीही घेतो. ऐकलेल्या उत्तरांत दोनच जाती कामाच्या वाटतात. एक घरातून आलेलं उत्तर, दुसरं कामातून आलेलं.

घरचं उत्तर असं येतं : “वडील गूळ घेऊन मार्केट यार्डात यायचे. घरी आले की पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, माझ्या हातात. रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, हमाली-तोलाई किती कापली, सगळं मी ताडून बघायचो. एकदा वजनाच्या बेरजेत चूक सापडली आणि वडील ती पट्टी घेऊन परत गेले.”

कामाचं उत्तर असं : “शेवटच्या वर्षाला असताना औषधांच्या एका होलसेल दुकानात खरेदीची बिलं टॅलीत टाकत होतो. 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, आली की आमच्या रजिस्टरशी जुळवायची. एका महिन्यात अकरा बिलं त्यात दिसेनात. माल देणाऱ्या एकेका पार्टीला फोन केले, नऊ बिलं पुढच्या महिन्यात आली. त्या जुळवाजुळवीत गोडी लागली.”

पहिलं लक्षात राहतं. कोल्हापुरात गुळाची पट्टी म्हटलं की समोरचा माणूस निम्मा तुमचा झालेला असतो. पण त्यात धोकाही आहे. ही गोष्ट तुम्ही बारा वर्षांचे असतानाची, त्यानंतर काय केलं? शिवाय वडिलांचं दुकान, मामांचं दुकान, आजोबांची चोपडी हे इतक्या वेळा ऐकू येतं की उसनी गोष्ट लगेच ओळखू येते. “रवा साधारण किती किलोचा असायचा?” एवढं विचारलं तरी पुरतं. खरा पोरगा सांगतो, शिवाय मापं कशी बदलली तेही सांगतो. उसनी गोष्ट आणणारा छताकडं बघतो.

दुसऱ्याची ताकद हीच, की त्यावर येणारा पुढचा प्रश्न तुमच्याच हद्दीतला असतो. उरलेल्या दोन बिलांचं काय झालं? पार्टीनं जीएसटीआर-1 (विक्रीचा रिटर्न) उशिरा भरला होता की जीएसटी नंबर चुकीचा टाकला होता? ज्यानं फोन केलेत त्याला इथं बोलायला लावावं लागत नाही. मात्र हेच उत्तर कोरडं झालं की शिकलेल्या सॉफ्टवेअरची यादी होऊन बसते, आणि ती तुमच्या बायोडाटात आधीच असते.

या दोन्हींच्या खाली एक तिसरी जात आहे, “मला आकड्यांची आवड आहे.” ते मीच दिलं होतं, पहिल्याच मुलाखतीत. समोरच्या सरांनी लेजरचं एक पान माझ्याकडं सरकवलं. पार्टी माल पुरवणारी, म्हणजे जमा (क्रेडिट) शिल्लक हवी, आणि शिल्लक दिसत होती नावे (डेबिट). “आवड आहे ना? मग सांग, असं का?” मी गप्प. आगाऊ पैसे दिले असतील, नाहीतर एकच बिल दोनदा चुकतं केलं असेल, हे मला जिना उतरताना सुचलं.

कुठं काय चालतं हे त्या प्रश्नामागच्या काळजीवर ठरतं. सीएच्या ऑफिसात काळजी असते ती टिकण्याची. 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी (महिन्याचा कर भरायचा रिटर्न), आणि सप्टेंबरात टॅक्स ऑडिट. तिथं कामाचंच उत्तर द्या. सीए इंटर (सीएची मधली परीक्षा) देत असाल तर तेही सांगून टाका, कारण ती परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबरात असते आणि सप्टेंबरची सुट्टी लपवून मिळत नाही.

फौंड्रीत आम्हाला वेगळंच बघायचं असतं. हा माणूस एसीतून उठून शॉपवर, मशिनींपाशी, जाईल का? कास्टिंग (ओतीव भाग) मशिनिंगला बाहेर जातं, डिलिव्हरी चलनावर जातं, आणि जॉबवर्कला गेलेला माल वर्षभरात परत आला नाही तर तो विकल्यासारखा धरून कर लागतो. ते स्क्रीनवर कळत नाही, जाऊन मोजावं लागतं. म्हणून “मी गोडाऊनमध्ये उभं राहून स्टॉक मोजलाय” हे एक वाक्य माझ्या लेखी पाच सर्टिफिकेटांना भारी.

सहकारात मात्र घरचं उत्तर खरंच चालतं. ऊस गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी (उसाच्या ठरलेल्या किमान दराची रक्कम) खात्यावर यायला हवी आणि ती उशिरा आली की घरात काय होतं, हे ज्यानं बघितलंय तो बिलाच्या यादीतल्या नावांकडं वेगळ्या नजरेनं बघतो. तेवढंच सांगा. त्यात कुठल्या संचालकांचं नाव आलं की उत्तराची चिठ्ठी होते, आणि पॅनेलवर चिठ्ठी न आवडणारा एखादा तरी बसलेला असतो.

पगाराचं म्हणाल तर घर चालवायचंय हे कारण खोटं नाही, लाजायचंही नाही. फक्त सुरुवात त्यानं करू नका.

मग ठरवायचं कसं? हातात सहा महिन्यांचं खरं काम असेल तर कामाचं उत्तर, आणि त्याच्या आधी घरचं फार तर एक वाक्य. काम काहीच नसेल तर घरचं उत्तर घ्या, पण मुलाखतीला महिना असतानाच गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, “काका, तुमची उधारीची वही मी महिनाभर लिहू का?” बहुतेक काका हो म्हणतात, वर चहाही पाजतात. महिन्याअखेरीस वसुली किती, थकबाकी कुणाकडं आणि वही कुठं चुकत होती, एवढं तुम्हाला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं की घरच्या उत्तराला जोडायला कामाचा तुकडा तयार.